लांबणीवरचा बोनस: दोन्ही बाजूंनी वापरून पाहिलेल्या वस्तूचं परीक्षण

बँकेत वरच्या जागी काम करणाऱ्याला वर्षअखेरीस जे बोनसपत्र मिळतं, त्याचं पहिलं पान सगळे वाचतात आणि तिसरं पान कुणीच वाचत नाही. पहिल्या पानावर आकडा असतो. तो आकडा हातात कधी पडणार, कशामुळे कमी होणार आणि कशामुळे शून्यावर येणार, हे तिसऱ्यावर असतं. एका मोठ्या बँकेच्या वेतन विभागात ही तिसरी पानं लिहिण्यात माझी बरीच वर्षं गेली. पुढे पद वाढलं तसं तसलंच पत्र मलाही मिळू लागलं. म्हणजे ही वस्तू मी विकलीही आहे आणि घेतलीही आहे. परीक्षण लिहायला एवढी पात्रता पुरावी.

वस्तू साधी आहे. या वर्षी कमावलेला बोनस या वर्षी पुरता द्यायचा नाही. थोडा रोख, बाकीचा पुढच्या काही वर्षांत हप्त्याहप्त्याने, आणि त्यातलाही मोठा हिस्सा बँकेच्या शेअरमध्ये. मधल्या काळात त्या माणसाने केलेला धंदा बुडीत निघाला, गैरप्रकार उघड झाला किंवा बँकच अडचणीत आली, तर अजून न दिलेले पैसे कापायचे. हा मालस. दिलेले पैसेही परत मागायचे. हा क्लॉबॅक. पत्रात दोन्ही कलमं शेजारी शेजारी छापलेली असतात, त्यामुळे लोकांना ती जुळी भावंडं वाटतात. माझा अनुभव असा की एक राबतं आणि दुसरं फोटोपुरतं उभं राहतं. कोणतं ते पुढे सांगते.

हे सगळं आलं २००८ च्या जागतिक आर्थिक पडझडीतून. त्याआधीही लांबणीवरचे शेअर असायचे, पण ते माणूस सोडून जाऊ नये म्हणून. जोखीम आटोक्यात राहावी म्हणून बोनस अडवायचा, ही कल्पना नियमांत आली ती २००९ मध्ये. त्या वर्षी फायनान्शियल स्टॅबिलिटी बोर्डाने, म्हणजे देशोदेशीच्या वित्तीय नियामकांच्या मंडळाने, तत्त्वं आणि मागोमाग मानकं काढली आणि सप्टेंबरमध्ये पिट्सबर्गला जी-२० देशांनी त्यांना मान्यता दिली. वरिष्ठांच्या बदलत्या वेतनाचा (म्हणजे बोनस वगैरेचा) ४० ते ६० टक्के भाग लांबणीवर, अगदी वरच्यांचा ६० टक्क्यांहून अधिक, कालावधी किमान ३ वर्षं, निम्म्याहून जास्त हिस्सा शेअर किंवा तत्सम रूपात, हमीचे बोनस नव्या माणसाच्या पहिल्या वर्षापुरतेच, आणि जोखीम व अनुपालन विभागाच्या लोकांचा पगार ज्यांच्यावर ते लक्ष ठेवतात त्यांच्या नफ्याशी बांधायचा नाही. हा मूळ आराखडा. त्यावरून प्रत्येक नियामकाने आपापलं मॉडेल काढलं.

गरज कशाची होती हे कळायला कर्जाचं वेळापत्रक पाहावं. मोठं कर्ज मंजूर झालं की शुल्क आणि व्याज पहिल्या वर्षापासून उत्पन्नात दिसतं. कर्ज थकतं ते तिसऱ्या किंवा चौथ्या वर्षी. बोनस मात्र पहिल्या वर्षाच्या आकड्यावर ठरतो. ज्या मंडळींनी कर्ज वाटलं त्यांची बदली झालेली असते, काही जण दुसऱ्या बँकेत असतात आणि तोट्याची तरतूद करायला भलतेच लोक बसलेले असतात. बेअर स्टर्न्स आणि लेहमन ब्रदर्स या अमेरिकी गुंतवणूक बँका २००८ मध्ये बुडाल्या तेव्हा ‘त्यांचे प्रमुखही धुऊन निघाले’ असं सर्रास म्हटलं जायचं. हार्वर्डच्या अभ्यासकांनी हिशोब मांडला तेव्हा दिसलं की २००० ते २००८ या काळात रोख बोनस आणि विकलेले शेअर मिळून वरच्या पाच-पाच जणांनी बेअर स्टर्न्समधून सुमारे १.४ अब्ज डॉलर आणि लेहमनमधून सुमारे १ अब्ज डॉलर काढून घेतले होते. शेवटी जे बुडालं ते उरलेलं होतं.

आता वापराबद्दल. लांबणीवर टाकण्याचा भाग चालतो. पण तो कुठवर चालतो, हे मला आमच्या खजिना विभागातल्या एका डीलरने शिकवलं. हुशार आणि मोकळा माणूस, पत्र हातात आलं की थेट माझ्या टेबलाशी येणारा.

“मॅडम, यातले माझे किती?”

“चाळीस टक्के यंदा. बाकीचे तीन वर्षांत, सारखे हप्ते.”

“आणि मी जो सौदा करतोय तो सात वर्षांचा आहे.”

एवढं बोलून तो हसला आणि गेला. तो दुसऱ्याच्या कर्जबुडीची जोखीम पत्करून हप्ता घेणारे सौदे करायचा. असा सौदा दर तिमाहीला नियमित उत्पन्न देतो, आणि फटका बसायचा असेल तर एकदाच, शेवटाकडे बसतो. त्याच्या शेअरचा शेवटचा हप्ता मोकळा होणार तेव्हा सौद्याचं निम्मं आयुष्यही सरलेलं नसणार. मी समितीसाठी जे टिपण करायचे त्यात हा मुद्दा नंतर दोनदा तरी घातला, आणि दोन्ही वेळा उत्तर मिळालं की किमान तीन वर्षांचा नियम आपण पाळतोच आहोत. नियमातलं किमान हे बँकेत कमालच होऊन बसतं, हे या क्षेत्रातल्या कुणालाही विचारा.

ब्रिटनने हे ओळखून वरिष्ठ व्यवस्थापकांसाठी ७ वर्षांचा कालावधी ठेवला होता, पहिला हप्ता तिसऱ्या वर्षानंतर. क्लॉबॅकही ७ वर्षं, चौकशी चालू असेल तर १० पर्यंत. मला हे सर्वांत बरं मॉडेल वाटायचं. २०२५ मध्ये त्यांनी तो कालावधी बराच आखडता घेतला, आणि हप्तेही पहिल्या वर्षापासून देण्याची मुभा दिली. कारण दिलं स्पर्धेचं. हुशार माणसं दुसरीकडे जातात, असं. जात असतीलही. पण आठ-दहा वर्षांत फिरणाऱ्या कर्जचक्रावर चार-पाच वर्षांचा पट्टा लावून काय साधणार, हे मला त्या कागदांत सापडलं नाही.

शेअरच्या भागावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण विकताना याचंच कौतुक जास्त होतं. युक्तिवाद असा की बँकेचे शेअर गळ्यात असले की माणूस बँकेचं भलं पाहील. यात भागधारकाचं भलं आणि ठेवीदाराचं भलं एकच धरलेलं आहे. बँकेत भागधारकाचा पैसा थोडा आणि उसना पैसा फार असतो. डाव लागला तर वरचा सगळा नफा भागधारकाचा, फसला तर त्याचं नुकसान त्याच्या थोड्या पैशापाशी थांबतं आणि उरलेलं ठेवीदार, रोखेधारक किंवा सरकार सोसतं. मग शेअरवाल्याला जास्त डाव खेळलेलेच आवडणार. रुडिगर फालेनब्राख आणि रेने स्टुल्झ यांनी २००८ च्या आधीची आकडेवारी तपासली तेव्हा ज्या बँकांच्या प्रमुखांचं हित भागधारकांशी घट्ट जुळलेलं होतं त्या बँका संकटात सावरल्या असं काही दिसलं नाही, उलट काही बाबतींत त्यांचीच कामगिरी वाईट निघाली. लेहमनच्या प्रमुखाकडे शेवटपर्यंत भरपूर शेअर होते. त्यांनी बँक वाचली नाही.

यावर उपाय म्हणून बोनस रोख्यांसारखा करण्याची कल्पना निघाली. बँक चालू राहिली तर ठरलेलं व्याज, भांडवल एका पातळीखाली घसरलं तर सगळं शून्य. वरचा नफा नाही, त्यामुळे डाव खेळायची ओढही नाही. युरोपात २०१२ च्या लिकानेन समितीनेही पगाराचा भाग अशा रोख्यांत द्यावा असं सुचवलं होतं. यूबीएस या स्विस बँकेने असा प्रकार सुरू केला, तिथल्याच क्रेडिट स्वीसकडेही होता. मार्च २०२३ मध्ये बुडायला आलेली क्रेडिट स्वीस यूबीएसच्या पदरात घातली गेली, सुमारे १६ अब्ज स्विस फ्रँकचे एटी-१ रोखे (बँक अडचणीत आली की शून्य होऊ शकतील अशा अटीचे) शून्यावर लिहिले गेले, आणि त्यांना जोडलेलं कर्मचाऱ्यांचं लांबणीवरचं वेतनही सोबत गेलं. प्रकरण कोर्टात गेलं ते वेगळं. पण वस्तू तिच्या डब्यावर लिहिल्याप्रमाणे चालली असं म्हणता येईल असा हा दुर्मीळ प्रसंग. बँक मात्र वाचली नाही, हेही खरं. पगाराच्या कलमाने बँक वाचेल ही अपेक्षाच अवाजवी. जोखीम घेणाऱ्याचा हात अधूनमधून आखडला तरी पुष्कळ.

क्रेडिट स्वीसचीच आणखी एक गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही. २००८ च्या बोनससाठी या बँकेने आपल्या वरिष्ठांना बँकेच्याच पुस्तकातली, कुणी घ्यायला तयार नसलेली कर्जं आणि रोखे एका निधीत घालून दिले होते. तुम्हीच केलेली घाण, तुम्हीच सांभाळा. मंडळी चिडली. पुढे बाजार सावरला आणि त्या निधीने छान परतावा दिला.

आता मालस. वेतन समितीच्या बैठकीसाठी मी तक्ता करायचे. नाव, विभाग, लांबणीवर असलेली रक्कम, या वर्षी मोकळी होणारी रक्कम, आणि अगदी उजवीकडे ‘जोखीम विभागाचा अभिप्राय’. तो रकाना वरपासून खालपर्यंत ‘आक्षेप नाही’ने भरलेला असायचा. एका वर्षी एका ओळीत वेगळं वाक्य आलं. एका पायाभूत प्रकल्पाचं कर्ज पुनर्रचनेला गेलं होतं आणि ते आणणारा अधिकारी तोवर भलत्या विभागाचा प्रमुख झाला होता. त्याच्या वरिष्ठाने समितीला सांगितलं, “तेव्हा बाजारच तसा होता, सगळ्यांनीच दिली होती.” जोखीमप्रमुख म्हणाल्या, “सगळ्यांनी दिली होती, पण आपल्या टिपणात रोख प्रवाहाचा अंदाज दोनदा बदललाय, आणि दोन्ही वेळा वरच्या बाजूला.” बराच वेळ चर्चा झाली. शेवटी मोकळ्या होणाऱ्या रकमेतला दहावा हिस्सा कापला गेला.

रक्कम किरकोळ होती. त्या माणसाच्या जीवनमानात काडीचा फरक पडला नसेल. पण बातमी दोन दिवसांत सगळ्या मजल्यांवर पोचली, आणि पुढच्या तिमाहीपासून कर्जप्रस्तावांत ‘प्रतिकूल परिस्थितीत’ हा परिच्छेद एका ओळीवरून अर्ध्या पानावर गेला. त्यातला काही भाग नुसती स्वतःची कातडी वाचवण्याची तजवीज होती, मला ठाऊक आहे. तरी अर्धं पान लिहायला तेवढा विचार करावा लागतो.

कापणं सोपं का असतं? कारण पैसे बँकेच्याच हातात असतात. ठराव झाला, तक्त्यातला आकडा बदलला, काम संपलं. परत मागायचं म्हणजे नोटीस, वकील, कामगार कायदा, भरून झालेला प्राप्तिकर, आणि तोवर घेतलेलं घर. आमच्याकडे क्लॉबॅकचं कलम प्रत्येक पत्रात होतं, पण ते प्रत्यक्ष वापरल्याचं माझ्या टेबलावर एकदाही आलं नाही.

वेल्स फार्गो या अमेरिकी बँकेच्या प्रकरणात हा फरक उघड्यावर दिसला. ग्राहकांना न विचारता त्यांच्या नावाने खाती उघडल्याबद्दल सप्टेंबर २०१६ मध्ये बँकेला १८.५ कोटी डॉलर दंड झाला. त्या पायी सुमारे ५,३०० कर्मचाऱ्यांना काढल्याचं तेव्हाच बाहेर आलं. गदारोळ झाला तसे त्याच महिन्यात मुख्याधिकारी जॉन स्टम्फ यांचे अजून हातात न पडलेले सुमारे ४.१ कोटी डॉलरचे शेअर रद्द झाले. आधीच दिलेल्यातले २.८ कोटी परत घ्यायला संचालक मंडळाला पुढच्या एप्रिलपर्यंत, म्हणजे स्वतंत्र चौकशीचा अहवाल येईपर्यंत थांबावं लागलं. आणि हे अमेरिकेच्या संसदेत समोर बसवून खडसावल्यानंतरचं. शांततेच्या काळात त्या २.८ कोटींचं काय झालं असतं ते तुम्हीच ओळखा. शिवाय त्या बँकेतला गोंधळ मुळात कोट्यवधींच्या बोनसचा नव्हताच. काउंटरवरच्या माणसाला दिलेलं रोजचं उद्दिष्ट आणि त्यावर मिळणारी थोडीशी रक्कम, यातून तो झाला. तिसरं पान त्या लोकांना दिलंच जात नाही.

वस्तूचा सर्वांत वाईट भाग म्हणजे बोनसवरची कमाल मर्यादा. २०१४ पासून युरोपीय संघाने बोनस स्थिर पगाराइतकाच, भागधारकांनी मान्यता दिली तर दुप्पट, असं बांधून टाकलं. ऐकायला न्याय्य वाटतं. घडलं असं की बँकांनी स्थिर पगार वाढवले, आणि काहींनी ‘पदभत्ता’ नावाचा प्रकार काढला, जो दर वर्षी बदलता येतो पण बोनस म्हणवत नाही. युरोपीय बँकिंग प्राधिकरणाला ऑक्टोबर २०१४ मध्ये जाहीर करावं लागलं की यातले बहुतेक भत्ते स्थिर पगार म्हणून चालणार नाहीत. माझ्यासारखीच्या नजरेतून नुकसान सरळ आहे: स्थिर पगार कापता येत नाही, लांबवता येत नाही, परत मागता येत नाही. वाईट वर्षी बँकेला खर्च खाली आणायचा तर माणसंच काढावी लागतात. ब्रिटनने ही मर्यादा ३१ ऑक्टोबर २०२३ ला काढली. पुढच्याच वर्षी गोल्डमन साक्सने आपल्या लंडनच्या लोकांसाठी स्थिर पगाराच्या २५ पट बोनसची मुभा घेतली, जेपी मॉर्गन आणि बार्कलेजने १० पट. तेही एक टोकच.

भारतीय रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०१९ मध्ये काढलेला साचा मला यामुळेच लक्षात राहिला आहे. तिथे खासगी आणि परदेशी बँकांच्या वरिष्ठांचं किमान निम्मं वेतन बदलतं असलंच पाहिजे असं सांगितलं, वरची मर्यादा स्थिर पगाराच्या तिप्पट ठेवली, बदलत्या वेतनाचा किमान ६० टक्के भाग लांबणीवर टाकला, आणि शेअर पर्यायांची (ठरलेल्या भावाने शेअर घेण्याच्या हक्कांची) किंमतही त्यातच धरली. आधीच्या २०१२ च्या नियमांत बदलत्या वेतनाला स्थिर पगाराच्या ७० टक्क्यांची मर्यादा होती, आणि शेअर पर्याय त्याच्या बाहेर होते, म्हणजे मागचं दार सताड उघडं. बँकेने दाखवलेली थकीत कर्जं आणि तपासणीत सापडलेली थकीत कर्जं यांत मोठी तफावत निघाली तर बोनसला कात्री लागण्याची तरतूदही त्यात आहे. ते कलम वाचून मी मनातल्या मनात टाळी दिली होती. मोजमाप नेमकं दुखऱ्या जागी आहे.

अमेरिकी आवृत्तीचं परीक्षण करता येत नाही. डॉड-फ्रँक कायद्याच्या ९५६ व्या कलमाने २०१० मध्ये नियामकांना नऊ महिन्यांत अशा बोनसचे नियम करायला सांगितलं. २०११ ला मसुदा आला, २०१६ ला दुसरा, २०२४ मध्ये तोच पुन्हा काही नियामकांनी पुढे केला. अंतिम नियम नाही. मार्च २०२३ मध्ये सिलिकॉन व्हॅली बँक सरकारने ताब्यात घेतली त्याच दिवशी, काही तास आधी, कर्मचाऱ्यांच्या खात्यात वार्षिक बोनस जमा झाला होता. तारीख आधीच ठरलेली होती आणि बोनस मागच्या वर्षाचा होता, असं सांगितलं गेलं. असेलही तसं. लांबणीवरच्या बोनसचा उपयोग अशाच दिवशी असतो.

एक छुपा दोष, ज्याची ग्राहकाला कल्पना नसते: नोकरी बदलली की जुन्या बँकेतले अडकलेले शेअर नवी बँक भरून देते. मी अशा भरपाईच्या फायली पुष्कळ केल्या. जुन्या बँकेचं तिसरं पान यायचं, मी रकमांची बेरीज करायची आणि आमच्या पत्रात तेवढेच शेअर, त्याच तारखांना. माणूस जुन्या पापासकट स्वच्छ. मागे सोडलेलं कर्ज थकलं तरी जुनी बँक काहीच कापू शकत नाही, कारण तिच्याकडे काही उरलेलंच नाही, आणि नवी बँक कापणार नाही, कारण नुकसान तिचं नाही. ब्रिटनने २०१७ पासून अशा भरपाईलाही मालस आणि क्लॉबॅक लागू केला, पण त्यासाठी जुन्या बँकेने कळवायला हवं. कोण कशाला कळवतंय!

गुण द्यायचेच तर लांबणीवर टाकणं आणि मालस यांना पाचपैकी साडेतीन, कालावधी वाढवला तर चार. शेअरला दोन, रोख्यासारख्या प्रकाराला चार. क्लॉबॅकला दीड, तोही धाक म्हणून. मर्यादेला एक.

ठेवीदार किंवा लहान भागधारक असाल आणि तुमच्या बँकेत ही वस्तू खरोखर वापरात आहे का हे पाहायचं असेल, तर बँकेच्या संकेतस्थळावर बाझेल समितीच्या (बँकांची जागतिक मानकं ठरवणाऱ्या) तिसऱ्या स्तंभाखालचं, म्हणजे ‘पिलर ३’चं, प्रकटीकरण शोधा आणि त्यातला लांबणीवरच्या वेतनाचा तक्ता उघडा. वरची धोरणाची पानं सोडून द्या, ती मीही लिहिली आहेत. तक्त्यात ‘वर्षभरात स्पष्ट समायोजनामुळे झालेली घट’ असा एक रकाना असतो. समितीने ठराव करून कापलेली रक्कम ती. मी चाळलेल्या बहुतेक तक्त्यांत तिथे शून्य असायचा, मोठा दंड झालेल्या वर्षीसुद्धा. शेजारीच शेअरचा भाव पडल्यामुळे झालेली घट दिलेली असते. ती मोठी असेल तर वार्षिक सभेत व्यासपीठावरची मंडळी तिच्यावरच बोट ठेवतील आणि म्हणतील, बघा, आमच्या लोकांनीही सोसलं. ती घट बाजाराने केलेली असते. प्रश्न पहिल्या रकान्याबद्दल विचारायचा.